आधी कपाट, मग बाजार

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या जमतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. दिवसभर कात्री चालते आणि संध्याकाळी खाली बघावं तर घोट्याएवढा ढीग झालेला असतो. किश्श्यांचंही तसंच आहे. मी बोलायला सावकाश. चार माणसांत बसलो तर माझी पाळी येईपर्यंत चहा संपतो आणि लोक उठतात. त्यामुळे ऐकलेलं, बघितलेलं सगळं माझ्यापाशीच पडून राहिलं. आता ढीग फार झाला, म्हणून थोडं झाडून काढतो.

मी साताऱ्याकडचा. फौजेत शिंपी म्हणून लागलो आणि सव्वीस वर्षं वर्द्या शिवल्या. शेवटचं ठाणं जयपूर. निवृत्त झाल्यावर गावी जायचं होतं, पण मुलाची शाळा चालू होती. त्याची दहावी होऊ दे, मग बारावी होऊ दे, असं म्हणत राहिलो. तो शिकून पुण्याला नोकरीला गेला आणि आम्ही दोघं इथंच राहिलो. खातीपुऱ्याकडे दोन खोल्या आहेत, बाहेरच्या खोलीत मशीन. माझी शाळा सातवीपर्यंत, पण अख्खी गल्ली मला मास्टरजी म्हणते.

आमच्या ओळखीच्या मराठी लोकांत एक रिवाज आहे. तो माझ्या बायकोनं, शांतानं, पाडला. इथं दिवाळीनंतर तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो. सगळे तिथं धावतात आणि येताना पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. बाही कमी करा, कंबर आवळा. आणि वर म्हणतात, "काका, असाच एक घरी आहे, पण कुठं ठेवलाय कुणास ठाऊक." हे ऐकून ऐकून शांता एकदा म्हणाली, "आधी कपाट, मग बाजार."

तेव्हापासून दसरा झाला की आम्ही दर रविवारी एकेका घरी जातो. कपाट पूर्ण रिकामं करून सगळं पलंगावर घ्यायचं. प्रत्येक कपडा अंगावर चढवून बघायचा, हँगरवर बघून निकाल द्यायचा नाही. मग तीन ढीग: घालायचे, दुरुस्तीचे, द्यायचे. बायका शांताबरोबर आतल्या खोलीत असतात. मी बाहेर हातमशीन मांडून बसतो आणि दुरुस्तीचा ढीग तिथंच संपवतो. हे झाल्याशिवाय बाजाराला कुणी जायचं नाही.

यंदा मात्र माझं लक्ष थोडं दुसरीकडे होतं. नवरात्रात आमच्या विनूचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "दिवाळीला मी येतो. येताना दोन मोठ्या बॅगा आणतो. तुम्ही दोघं चला, आणि आता परत जायचं नाही." त्याचं चुकीचं नव्हतं. गेल्या जानेवारीत मला न्यूमोनिया झाला होता आणि आम्ही त्याला आठ दिवसांनी कळवलं होतं. नवव्या मजल्यावर त्यानं आमच्यासाठी एक खोली राखून ठेवली होती. फोनवर नातू अर्णव मागून ओरडत होता की खोलीला बाल्कनी पण आहे.

मला जायचं नव्हतं. पण शांता त्या पोराचे व्हिडिओ दिवसातून दहा वेळा बघते. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्ही म्हणाल तसं. मग म्हणायचं काम माझ्यावर आलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "यंदा आपलं कपाट शेवटी."

*

पहिला रविवार रश्मीकडे. रश्मी नागपूरची, तिचे यजमान मेजर. बारा वर्षांत सात ठाणी बघितलेलं घर. अशा घरात कपाटं कमी आणि काळ्या लोखंडी पेट्या जास्त. त्यातली एक पेटी कधी उघडलीच नव्हती. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, वूलन.

रश्मी म्हणाली, "काका, ही दर वेळी सगळ्यांच्या खाली राहते. थंडी येऊन राहिली की आम्ही नवीनच घेतो."

शांता म्हणाली, "आज काढायची."

मेजरसाहेबांनी आणि मी मिळून वरच्या चार पेट्या उतरवल्या. कुलूप गंजलेलं होतं, ते तोडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वर एक लाल कार्डिगन होतं. रश्मीनं नियमाप्रमाणे ते अंगात घातलं आणि त्यात अजून एक रश्मी मावली असती.

"काका, हे माझं नाही."

खालचंही तिचं नव्हतं. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलेली होती आणि तिच्यावर दुसऱ्याच एका साहेबांचं नाव. मग उलगडा झाला. भटिंड्याहून दोन कुटुंबं एकाच आठवड्यात निघाली होती. ट्रक एकच, पेट्या सगळ्या काळ्या. दोन ठाणी हे लोक दुसऱ्यांचे स्वेटर वाहून नेत होते.

फोन नंबर शोधून काढला. त्या साहेबांच्या मिसेस आता तिकडे सिलिगुडीला होत्या. त्या हसायलाच लागल्या. "आपकी पेटी भी हमारे पास होगी. हमने भी खोली कहाँ है?" त्यांच्या पेटीत काय होतं हे त्यांना आठवेना. आपल्या पेटीत काय होतं हे रश्मीलाही आठवेना. रश्मी यादी वाचत गेली आणि त्या म्हणत गेल्या, "दे दो. किसी को भी दे दो. वो भी दे दो."

यादीत शेवटी एक पिवळी टोपी होती. हातानं विणलेली, लहान बाळाची, माझ्या मुठीएवढी.

फोनवर त्यांनी टोपीचा रंग पुन्हा विचारला. मग त्या म्हणाल्या, "वो टोपी भेज दीजिए. बस वही."

मेजरसाहेबांनी फोन संपेपर्यंत टोपी हातात धरली होती. मग म्हणाले, "म्हणजे दोन पोस्टिंग आपण हिला एस्कॉर्ट दिला."

दुसऱ्या दिवशी पार्सल करायला ते स्वतः गेले.

*

त्याच घरातली गोष्ट. रश्मीची मुलगी इरा, नऊ वर्षांची. तिचं मराठी हिंदीला धरून चालतं. तिचा एक निळा लोकरी फ्रॉक होता. फ्रॉक शिवताना रश्मीनं खाली भरपूर कापड आत दुमडून ठेवलं होतं. दर वर्षी पोरगी वाढली की थोडी दुमड उसवायची. कापड खाली येतं, पण जुन्या घडीची रेघ जात नाही. त्या फ्रॉकवर अशा तीन रेघा होत्या.

शांतानं तो द्यायच्या ढिगात टाकला. इरानं उचलला आणि माझ्याकडे बाहेर आणला. एकेका रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही भटिंडा. ही झाँसी. ही जयपूर."

मी फ्रॉक उलटा करून बघितला. आत दुमडलेलं काहीच उरलं नव्हतं.

"आजोबा, मतलब कपडा संपला?"

मी म्हटलं, संपला.

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "तर खाली दुसरा लावा. आणि जरा ज्यादा लावा. पुढची पोस्टिंग किती लांब आहे ते अजून सांगितलं नाही."

माझ्या पिशवीत इथल्या बगरू गावच्या ठशांच्या छापाचा एक तुकडा पडला होता, गेरूच्या रंगाचा. निळ्याखाली तो चार बोटं लावला आणि आत आणखी सहा बोटं दुमडून ठेवला. शांता दारात उभी राहून बघत होती. एरवी ती म्हणाली असती की नियम म्हणजे नियम. त्या दिवशी तिनं मला सुई ओवून दिली.

*

दुसरा रविवार सुभेदार साहेबांचा. ते निवृत्त झाले आणि चौमूंच्या रस्त्याला त्यांनी घर बांधलं. सुभेदारांची कंबर चौतीस. भरती झाले तेव्हा चौतीस होती आणि त्यांच्या मते ती सरकारी नोंद आहे, त्यात बदल होत नाही.

आता माझा एक गुन्हा सांगतो. गेली कैक वर्षं दर दसऱ्यानंतर मी त्यांच्या पँटींची कंबर गुपचूप अर्धा-पाऊण इंच सोडत होतो. मागच्या शिवणीत मार्जिन असतं, त्यातून. ते घालायचे, आरशात बघायचे आणि विचारायचे, "मास्टर, किती?" मी म्हणायचो, "चौतीस, साहेब." मार्जिन संपलं तेव्हा मी मागं एक पट्टी जोडली आणि वर बेल्टची पट्टी घेतली. कुणाला दिसलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरनं कंबर विचारली. सुभेदारांनी छाती पुढं काढून चौतीस सांगितली. डॉक्टरनं टेप लावला तर चाळीस भरली. दुसऱ्या दिवशी ते बसनं माझ्याकडे आले. उभ्यानंच म्हणाले, "मास्टर, तुझा टेप चुकला आहे."

मी म्हटलं, "साहेब, टेप बरोबर आहे. मी चुकलो."

ते बसले. पाणी मागितलं. किती वर्षं, एवढंच विचारलं. मी सांगितलं अकरा. त्यांनी पाण्याचा पेला संपवून खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि मी त्या भरवशावर तूप खात होतो."

माझ्या जिवाला ते फार लागलं. एखाद्याला बरं वाटावं म्हणून आपण अर्धा इंच सोडतो आणि तो अर्धा इंच कुठं जाऊन बसतो ते आपल्याला कळत नाही.

यंदा आम्ही त्यांच्या घरी गेलो तर ते सगळ्या पँटी पलंगावर रांगेत लावून उभे होते. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात. सगळ्या कंबरा सैल झालेल्या. म्हणाले, "आता माप. आणि खरं सांग, नाहीतर कोर्ट मार्शल करीन."

मी दोन वेळा मापलं. सदतीस भरली. मी सदतीस म्हणालो आणि ते असे हसले की जणू बढती मिळाली. मी तिथंच बसून माझ्याच जोडलेल्या पट्ट्या उसवल्या.

निघताना त्यांनी विचारलं, "चौतीसला किती वर्षं लागतील?"

मी म्हटलं, "जेवढी जायला लागली तेवढीच, साहेब."

"म्हणजे अकरा. तू असशील ना इथं?"

मी मशीन स्कूटरला बांधत होतो. दोरीची गाठ मी दोनदा मारली. पुण्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

*

तिसरा रविवार केतकीचा. केतकी नाशिकची, कंप्युटरच्या कंपनीत आहे. इथं एका खोलीत एकटी राहते आणि सगळं फोनवरून मागवते. कपाट उघडलं तर काळंच काळं. सात कुर्ते, सगळे काळे. शांता पलंगाच्या कडेला बसली आणि सातही तिनं शेजारी शेजारी मांडले. मी पडद्याबाहेर होतो, मला ऐकू येत होतं.

"केतकी, हे एकच आहे."

"नाही काकू, सगळे वेगळे आहेत."

"डोळे मिटून ओळखशील?"

"ओळखीन."

शांतानं तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. मग एकेक कुर्ता तिच्या हातात देत गेली. केतकी कापड दोन बोटांत धरायची आणि सांगायची. हा पहिल्या मुलाखतीचा. हा इथं आले त्या दिवशीचा, गाडीत याच्यावर कॉफी सांडली. हा बाबा आले होते तेव्हाचा. हा नोकरी जाणार असं वाटलं होतं त्या आठवड्यातला, तो रोज घालायचे, रोज धुवायचे. असे सहा झाले. सातव्याला ती थांबली. पुन्हा चाचपला.

"हा काहीच नाही," ती म्हणाली. "हा नुसता सेलमध्ये घेतला."

तो एकटा द्यायच्या ढिगात गेला. सहाही ठेवायला शांतानं परवानगी दिली. वर म्हणाली, "आता बाजारात गेलीस तर काळा सोडून काय हवं ते घे. मी बरोबर येईन." मग एकदम ओढणीची घडी घालू लागली. बाजार दिवाळीनंतर लागतो आणि विनूच्या बॅगा दिवाळीतच येणार होत्या.

केतकीलाही ते कळलं असावं. पडद्याआडून तिचा आवाज आला, "काकू, तुम्ही नसलात तर मी आठवापण काळाच घेणार."

*

द्यायच्या ढिगाचं पुढं काय होतं, तेही सांगायला हवं. आमच्याकडे गुलाबबाई येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, जुने कपडे घेते आणि भांडी देते. आपल्याकडे जिला बोहारीण म्हणतात ती. शांताचा आणि तिचा सौदा तासभर चालतो. दोघींनाही तो आवडतो.

एकदा शांतानं तिला आमचे तीन ढीग समजावून सांगितले. गुलाबबाई हसली. म्हणाली, "आप तीन करते हो, मैं चार करती हूँ."

चौथा कशाचा, विचारलं. तर म्हणाली, कपडा देताना काही लोकांचा हात त्याच्यावरून दुसऱ्यांदा फिरतो. मी ते बघून ठेवते. असा कपडा मी पंधरा दिवस विकत नाही. घरी वेगळा बांधून ठेवते.

"कोई आता है वापस?" मी विचारलं. मी सहसा तिच्याशी बोलत नाही.

"आता है. पर औरतें नहीं आतीं, मास्टरजी. आदमी आते हैं."

आम्हाला ते खरं वाटलं नाही. पण यंदा रश्मीकडचा ढीग गेल्यावर सहाव्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. समोर गुलाबबाई टोपली उतरवून बसली होती आणि तिच्यापुढं मेजरसाहेब उकिडवे बसले होते. साध्या कपड्यांत, आजूबाजूला बघत. कॅडेट असतानाचा एक मळका ट्रॅकसूटचा वरचा भाग त्यांना परत हवा होता. कोपर फाटलेला, चेन गेलेली. त्याच्या बदल्यात रश्मीनं एक डबा घेतला होता. तो डबा ते घरातून गुपचूप उचलून घेऊन आले होते.

गुलाबबाईनं डबा ठेवून घेतला आणि हात पुढंच ठेवला. "दिया एक डब्बे में था, साहब. लौटेगा दो में."

मेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. संध्याकाळी रश्मीचा शांताला फोन आला की घरातून दोन डबे गेलेत, कामवालीला विचारू का. शांताला मी आधीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "विचारू नकोस. कपाटात बघ."

*

दिवाळी आली. विनू आला, एकटाच. अर्णवला सुटी कमी होती, म्हणून तो आणि सूनबाई तिकडेच राहिले. बॅगा खरंच मोठ्या होत्या, एकीत मी बसलो असतो. भाऊबीज झाल्यावर रविवारी आमचं कपाट होतं. सगळे आले. रश्मी, मेजरसाहेब, इरा, केतकी, सुभेदार. दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती.

आमचं कपाट रिकामं करायला वेळ लागला नाही. दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्याचे स्वतःचे फारसे नसतात. चार शर्ट, तीन पँटी, शांताच्या साड्या. आणि मग वरच्या फळीवरचे गरम कपडे. माझा कोट, दोन स्वेटर, कानटोपी, शांताच्या शाली, लोकरीचे मोजे.

शिस्तीनं बघितलं तर विनू बरोबर होता. पुण्यात इतकी थंडी नाही. त्यानं सगळं एकदम उचललं आणि द्यायच्या ढिगात ठेवलं.

"विनू, घालून बघायचं असतं आधी," केतकी म्हणाली.

"गरज काय? तिथं लागणारच नाही."

सुभेदारांनी घसा साफ केला आणि खिडकीबाहेर बघितलं. रश्मी एक साडी उगीच पुन्हा घडी करू लागली. इरा माझ्या मशीनला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "आजोबा, तुमची पण पोस्टिंग आली?"

विनूच खाली बसला, पोरीच्या उंचीला. म्हणाला, "पोस्टिंग नाही गं. घरी चाललेत." इरानं खोलीभर बघितलं आणि मान हलवली. तिला पटलेलं दिसत नव्हतं.

तेव्हा शांता बोलली. पुण्याविषयी, नवरात्रापासून पहिल्यांदा.

"विनू, तिथं ह्यांना करायला काय आहे?"

"काही नाही, आई. तेच तर. आता आराम."

"आराम ह्यांना येत नाही. शिकलेच नाहीत."

"आणि तू? तुला अर्णव नको?"

तिनं ढिगातून माझा एक स्वेटर ओढून घेतला आणि मांडीवर ठेवून त्याचे धागे बघत बसली. मला तेव्हा कळलं. ती माझ्यासाठी गप्प होती आणि मी तिच्यासाठी. आणि पोराला वाटत होतं की आम्हाला त्याचं काही पडलेलं नाही.

विनू माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी बोला."

मी म्हटलं, बोलतो. पण मला नेहमीसारखा वेळ लागला. गेल्या जानेवारीत ताप असताना माझ्या डोक्यावर पाण्याच्या घड्या कुणी ठेवल्या ते सांगायचं होतं. ह्या खोलीत उभ्या असलेल्या लोकांनीच ठेवल्या होत्या. आणि त्याला कळवलं नाही ही माझी चूक होती, तेही सांगायचं होतं. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात आत चहा उतू गेला, रश्मी धावली, आणि माझी पाळी गेली. ढीग तसेच ठेवून लोक उठले. असं आमच्याकडे आधी कधी झालं नव्हतं.

रात्री शांतानं तिन्ही ढीग उचलून कोपऱ्यात ठेवले, आहेत तसे.

*

सकाळी विनूचं विमान होतं. आमची तिकिटं त्यानं अजून काढली नव्हती, उत्तर मिळाल्यावर काढणार होता. दोन्ही बॅगा पलंगाखाली होत्या, रिकाम्या. मी मशीनवर बसून केतकीच्या एका कुर्त्याची बाही लावत होतो. शांता आत भांडी घासत होती.

विनू बाहेर आला. अंगात राखाडी पँट होती आणि हातावर बदलायची दुसरी. मग म्हणाला, "बाबा, ही अंगातली जरा बघता का?"

कॉलेजला गेल्यापासून त्यानं मला कधी कपडा दिला नव्हता. सगळं तयार घेतो. लहान असताना त्याचं सगळं मी शिवायचो, वर्दीच्या उरलेल्या कापडातून. शाळेत मुलं चिडवायची म्हणून एकदा त्यानं पँट गच्चीवर लपवून ठेवली होती. मी काही बोललो नव्हतो.

मी म्हटलं, "उजेडात उभा राहा."

तो दारात उभा राहिला. मी टेप घेऊन त्याच्यासमोर खाली बसलो. लांबी बुटावर बरोबर टेकत होती. कंबर बरोबर. बैठक बरोबर. मांडीला कुठं चुणी नाही. मी मागून बघितलं, बाजूनं बघितलं. चांगल्या कारागिराचं काम होतं.

"कुठं होतंय?" मी विचारलं.

"होतंय कुठंतरी." तो रस्त्याकडे बघत होता. "तुम्ही बघा. ठेवून घ्या, घाई नाही. डिसेंबरात आम्ही तिघं येऊ, पंधरा दिवस. तेव्हा घालून बघीन."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मी कानामागचा खडू काढला. एकदा वरपासून खालपर्यंत पुन्हा नीट बघितलं. मग डाव्या पायाच्या शिवणीवर, जिथं काहीही करायचं नव्हतं, तिथं एक रेघ मारली.